चाळिसावा पाट

"हळू चाळा. माती हाय, तंबाखू नाय," सुभेदारीण म्हणाली. गुरुवारची दुपार होती. पडेगावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. माझ्या हातात चहाची जुनी गाळणी, गाळणीत मूठभर भाजलेली काळी माती, खाली पसरलेलं वर्तमानपत्र. तिच्यापुढं बोटाएवढा एक पाट, आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या उंचीचे शिशाचे बारा शिपाई उभे. एकोणचाळीस पाट तयार होऊन पेटीत बसले होते. हा चाळिसावा. शिपायांच्या पायाशी तिनं काडीनं डिंक लावला, वरून माती पेरली, पाट खिडकीत ठेवला आणि मला दम दिला, "आता याला हात लावायचा नाय. सकाळी झटकू." आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

सुभेदारीण म्हणजे माझी बायको. हे नाव मीच पाडलं, तिला चिडवायला. पुढं सगळी गल्ली तेच म्हणू लागली आणि चिडवण्यातली मजाच गेली. मी चौथी शिकलेला माणूस. शेंद्र्याच्या एका कारखान्यात पत्रा कापण्यात माझा जन्म गेला. मला गोड लिहिता येत नाही. येत असतं तरी तिच्याबद्दल ते खोटं ठरलं असतं, कारण ती काही गोड नव्हती. पण तिच्या हाताखालून गेलेली वस्तू कधी डुगडुगली नाही, एवढं मी कुठंही छाती ठोकून सांगीन.

आमच्या माडीवर एक सर भाड्यानं राहतात. कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना आणि त्यांच्या चार दोस्तांना एक नाद. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, किल्ला मांडायचा, दोन्हीकडून शिशाची इवलीशी फौज उभी करायची, आणि फासे टाकून, पट्टीनं अंतर मोजून लढाई खेळायची. एकदा सुभेदारीण त्यांना ठेचा द्यायला माडीवर गेली, तर टेबलावर शिपाई आडवेतिडवे पडलेले.

"सर, ही फौज हाय का सांडलेली डाळ?"

"मावशी, दहाबारा शिपाई मिळून एका बेसवर चिकटवायचे असतात. रंगवणं जमतं मला. हे नाही जमत."

"मग आणा इकडं."

सरांचा तो बेस. हिनं त्याला पाट म्हटलं. माणूस जेवायला बसू दे नाहीतर लढायला उभा राहू दे, त्याला पाट पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्या दिवसापासून सरांनी रंगवायचं आणि हिनं उभं करायचं, अशी वाटणी झाली.

मी हसलो. म्हणालो, "म्हातारपणी बाहुल्या खेळती व्हय गं?"

"बाहुल्यांची लग्नं लावत्यात," ती म्हणाली. "मला लढाई लावायचीय. व्हा बाजूला, उजेड अडतोय."

तिची मापं सगळी स्वयंपाकघरातली. दोन प्याद्यांच्या मधी एक तीळ, दोन घोड्यांच्या मधी एक गहू, हत्तीच्या चौफेर हरभरा. दाणा ठेवायचा, शिपाई चिकटवायचा, दाणा उचलायचा. सरांनी एकदा तिला लोखंडी माप आणून दिलं, बारीक रेघांचं. तिनं ते हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं. "ह्यानं अंतर कळतं सर. दाटी कळत नाय." मी कारखान्यात उभी हयात असल्या मापांवर काढलेला. मला राग आला. तिचा नजरचुकीनं हललेला एक तरी शिपाई सापडावा म्हणून मी चोरून माप लावून बघितलं. सापडला नाही.

मिसळणाचा जुना डबा तिनं या कामाला लावला. सात वाट्यांत मोहरी-जिऱ्याऐवजी सात जागची माती. दौलताबादच्या वाटेवरची पांढरी, टेकडीचा लाल मुरूम, किल्ल्याखालच्या ओढ्यातली रेती, अशी. फौज जिथं लढली म्हणतात तिथलीच माती तिच्या पायाखाली पाहिजे, हा तिचा हट्ट. त्यासाठी मला स्कूटर काढायला लावायची. उन्हातान्हात मधेच म्हणायची, "थांबवा." उतरून चिमूटभर माती बोटात चोळायची आणि बहुतेक वेळा टाकून द्यायची. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "काय हरवलं का, मावशी?" ती म्हणायची, "सापडलं की सांगते."

मधल्या वाटीत मात्र तिच्या माहेरची काळी. माहेर बिडकीनकडचं. भावाचं रान कारखान्यांच्या वसाहतीत जायचं ठरलं, तेव्हा रानावर यंत्रं यायच्या आत तिनं बांधावरून एक पिशवी भरून आणली. मी म्हणालो, "लोकं माहेराहून लुगडं आणत्यात. तू माती आणली."

"लुगडं फाटतं," ती म्हणाली.

या काळ्या मातीनंच तिची एकदा फजिती केली. पहिल्याच खेपेला तिनं डिंकावर ती थापली, पाट वाळायला ठेवले आणि आम्ही लेकीकडं लातूरला गेलो. परत येऊन बघतो तर माती आकसलेली, भेगा पडलेल्या, पुठ्ठ्याचे पाट पापडासारखे वळलेले आणि सबंध घोडदळ तोंडावर पडलेलं. मी पोट धरून हसलो. कुणब्याची पोर, आणि काळी माती वाळली की भेगाळती हे विसरली! ती रागावली नाही. भेगांकडं बघत राहिली. म्हणाली, "मातीची काय चूक नाय. तिनं तिचा गुण दाखवला. मीच शहरातली झाले." दुसऱ्या दिवसापासून काळी माती आधी तव्यावर रव्यासारखी भाजायची, मग चाळायची, मग पेरायची. पुठ्ठा बंद. "तुमचा पत्रा काढा," मला हुकूम झाला. अशी मला फौजेत नोकरी लागली.

पाट वाळला की तिची परीक्षा असायची. पाट उलटा धरायचा आणि पाठीवर तीन टिचक्या मारायच्या. जास्तीची माती झडते आणि कच्चा शिपाई पडतो. पडला तर सगळा पाट परत. झडलेली माती कागदावर धरून ज्या त्या वाटीत. मग पाटाच्या पाठीवर बारीक अक्षरात तुकडीचं नाव आणि मातीचं गाव. आणि शेवटी पेटीतला ठरलेला खण. आधी लढणार तो वर, राखीव तो खाली. पेटी देताना सरांना म्हणायची, "मोजून घ्या. जशी नेली तशी आणा." अपुरी फौज तिनं कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. एकदा एक भालाईत कमी होता, तर सरांना दारात अर्धा तास उभं केलं आणि चपलांच्या खालून शोधून काढला.

एके वर्षी सर पडलेल्या तोंडानं खाली आले. खेळाचे नियम बदलले, आता पाट दुप्पट रुंद पाहिजेत. सगळे शिपाई उपटून नव्यानं बसवावे लागणार. मला वाटलं, ही आता सरांना धुणार. ती म्हणाली, "उभं पीक कशाला उपटायचं? बांध बदला." मग मला बसवून पत्र्याची उथळ ताटं कापायला लावली, कडा दुमडलेली. एका ताटात दोन पाट शेजारी शेजारी बसले की नव्या नियमाचा एक पाट झाला. एकही शिपाई जागचा हलला नाही. परगावचे खेळगडी ती ताटं बघायला आमच्या ओट्यावर आले. एकानं विचारलं, "ही युक्ती कोणाची?"

"आमची दोघांची," तिनं सांगितलं.

युक्ती तिची एकटीची होती. मी पत्रा कापला होता. माझी मान तेव्हा एवढी ताठ झाली की मला चहासुद्धा विचारायचं सुचेना. ते गेल्यावर तिला काहीतरी चांगलं बोलावं असं मनात आलं. बोललो काय, तर "डावीकडचं ताट जरा वाकडं कापलं गेलं." ती म्हणाली, "दिसलं मला. म्हणून ते मागं ठेवलं." आमच्यात कौतुक म्हणजे एवढंच. मला अभिमान होता हे मी तिला कधी तोंडानं सांगितलं नाही. आता लिहून ठेवतो.

या रविवारी मोठा सामना ठरला होता. बाहेरगावचे लोक येणार, किल्ला एका बाजूला, वेढा घालणारी फौज दुसऱ्या बाजूला. किल्ल्याची फौज आमच्याकडं. तिनं सरांना जबान दिली होती, चाळीस म्हणजे चाळीस. चाळिसावा पाट किल्ल्याच्या दरवाज्यावरच्या तुकडीचा. त्याच्यासाठी तिनं माहेरच्या मातीची शेवटची मूठ राखून ठेवली होती.

गुरुवारी दिवेलागणीला ती म्हणाली, "जरा पडते." मी चहा घेऊन गेलो तर उठली नाही. डॉक्टरानं हात धरून बघितला आणि खाली ठेवला.

सकाळी लेक लातूरहून आली. बिडकीनहून भाऊ माहेरचं लुगडं घेऊन आला. दारात माणसं जमली. फोनवर एकच विचारणा, "माती किती वाजता?" सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मामा, सामना रद्द करतो. मंडळींना कळवतो."

"थांबा," मी म्हणालो.

खिडकीतला पाट उचलला. रात्रभरात माती चांगली धरली होती, भेग नव्हती. लेक म्हणाली, "आबा, आता काय करता? लोकं थांबलीत."

"थांबू दे."

वर्तमानपत्र पसरलं. पाट उलटा धरला. मनगट गुडघ्यावर टेकवलं. एक टिचकी. दोन. तीन. जास्तीची माती झडली. बाराच्या बारा जागेवर. पाट पालथा ठेवून माझ्या चौथीच्या अक्षरात पाठीवर लिहिलं: दरवाजा. बिडकीन, काळी. तिच्या अक्षराच्या दुप्पट मोठं झालं, पण मावलं. पेटीतल्या शेवटच्या खणात पाट ठेवला आणि पेटी सरांच्या हातात दिली.

"मोजून घ्या."

"मामा, राहू द्या हो."

"मोजा."

सर दारातच उभे राहून मोजायला लागले. मधे चुकले. परत पहिल्यापासून मोजले. "चाळीस," सर म्हणाले.

"मग न्या. खेळा. आणि जशी नेली तशी आणा."

वर्तमानपत्रावर चिमूटभर काळी माती उरली होती. मी कागद दुमडून आत गेलो. भावानं आणलेलं लुगडं लेकीनं तिला नेसवलं होतं. त्याच्या पदराच्या टोकाला ती माती घातली आणि गाठ बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली. पक्की होती.