कंपनीच्या पत्राचा खरा मजकूर

सडक अर्जुनीच्या हायवेवर ज्यांनी कॉम्प्युटरवर तो ट्रक चालवायचा खेळ खेळला, ते अजूनही म्हणतात की कंपनीने अर्धवट खेळ विकून आपल्याला फसवलं. कंपनीने नाही. मी फसवलं.

निवृत्तीनंतर शिकवणी काढावी म्हणून मी एक कॉम्प्युटर घेतला होता. शिकायला कुणी आलं नाही, तेव्हा तो हायवेवरच्या एका मेकॅनिकच्या गॅरेजात नेऊन ठेवला. हा मेकॅनिक माझाच विद्यार्थी. इंग्रजीत मीच त्याला दोनदा नापास केलं होतं. नागपूरहून मी खेळ आणला आणि दुरुस्तीला थांबलेले ड्रायव्हर त्याला चिकटले. खरा ट्रक जॅकवर चढवायचा आणि खोटा चालवायला बसायचं.

खेळात घाट उतरला की पूल यायचा. पुलापुढे काहीच नव्हतं, नुसता राखाडी रंग. डब्यावर मात्र समुद्रापर्यंत रस्ता छापलेला. मेकॅनिकच्या ते मनाला लागलं. ग्रामपंचायतीला देतात तसा त्याने मला कंपनीला अर्ज करायला लावला. विषय, संदर्भ, खाली ड्रायव्हरांच्या सह्या आणि चार अंगठे. इंग्रजी माझं, जरा कडकच.

टपालाने इंग्रजीत उत्तर आलं. पुलापुढचा रस्ता डब्यातल्या दुसऱ्या सीडीत आहे, तीही टाकून घ्यावी.

दुसरी सीडी मी जादा प्रत समजून माझ्या शेतातल्या बांधीत टांगली होती. धान निसवलं की पाखरं हुसकायला आम्ही अशा सीड्या टांगतो.

गॅरेजात सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. पत्राची घडी घालत मी म्हणालो, "कंपनी म्हणते, काम सुरू आहे."

तसाच शेतावर गेलो. सीडी बांबूला घासून घासून खरडली होती. घरी येऊन पुसली, धुतली, पण ओरखडे काही गेले नाहीत.

इकडे मेकॅनिक वाट पाहून कंटाळला. खेळात आपल्या मनाने बदल करायची एक सोय होती, तीही कंजूस. रस्ता करता येत नव्हता, फक्त झाडं, गावांच्या नावाच्या पाट्या आणि रंग. त्याने पाट्या आडव्या पाडून एकापुढे एक जोडायला घेतल्या. वर्षभर जेवणाची सुट्टी त्यातच गेली. त्यावरून ट्रक असा उसळायचा की ड्रायव्हर म्हणत, हा तर सरकारीच रस्ता आहे. समुद्र दिसायच्या आधी पाट्या संपल्या, कारण सोयीत तेवढ्याच दिल्या होत्या. त्या दिवशी त्याने कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. मी शेजारी बसून मान डोलावली.

खेळ बंद झाला, कॉम्प्युटर भंगारात गेला. मला मात्र त्या पाट्या दिसत राहिल्या. परवा गॅरेजात जाऊन सगळं सांगून टाकलं. तो हातातला पाना पुसत राहिला.

"म्हणजे मी वर्षभर पाट्या जोडून राहिलो, अन् तुमी बाजूले बसून चाय पिऊन राहिले का जी, गुर्जी?"

हो म्हणालो.

"काऊन नाही सांगतलं?"

नापास केलेल्या पोरासमोर नापास व्हायची लाज वाटली, हे मी सांगितलं. तो हसला नाही.

"आता समद्यायले चिठ्ठी लिवा. अन् मराठीत लिवा. इंग्रजीत लिवान त मले का समजन?"

म्हणून हे मराठीत लिहिलं. आज गॅरेजात नेऊन त्याला वाचून दाखवायला लागलो, तर त्याने कागद हातातून काढून घेतला. म्हणाला, राहू द्या गुर्जी, मीच वाचतो.