ॲडव्हान्स बॅच

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं ओतूरला इंग्रजीच्या क्लासांचं पेव फुटलं होतं. आमचा क्लास मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर भरायचा. पाटीवर लिहिलं होतं, बिझनेस इंग्लिश, फक्त ॲडव्हान्स विद्यार्थ्यांसाठी. पहिल्या दिवशी ज्यानं न अडखळता ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटलं, तो ॲडव्हान्स.

सर टाय लावायचे आणि खाली चपला घालायचे. पुण्यात आपण कुठल्याशा कंपनीत होतो असं ते सांगत. काय म्हणून होतो, ते कधीच सांगत नसत. रोज फळ्यावर शब्द पडायचे: निगोशिएशन, स्टेकहोल्डर, डेडलाइन. आम्ही ते आरती म्हटल्यासारखे एका सुरात म्हणायचो. मी एकदा विचारलं, “सर, हा शब्द वाक्यात कसा घालायचा?” तर म्हणाले, “वाक्यं बेसिकवाल्यांना. ॲडव्हान्सला व्होकॅब्युलरी.” सगळी बॅच मलाच हसली. वाक्यं मग मी कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपर वाचून एकटीच जुळवत बसले.

मला चाकणला कंपनीत नोकरी करायची होती. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, अर्धवट होकार दिला होता. “कोर्स संपला की बघू. पन त्याआधी चांगलं स्थळ आलं, तर मग न्हाई,” असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून मी सरांना सहन करत होते. आण्णा एकदा मार्केटला टोमॅटो टाकून मला न्यायला क्लासात आले. शर्टाला चिखल होता. ते पुढे जिना उतरल्यावर, मी वही आवरत असतानाच, सर बॅचला म्हणाले, “पालकांना खालीच थांबायला सांगा. क्लासची इमेज जाते.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मला त्या टायचीही किळस येऊ लागली.

आणि कोर्स संपत आला असताना मामा पिंपळवंडीला आमच्या घरी स्थळ घेऊन आला. स्थळ कोणतं, तर हेच सर.

रविवारी ते वडील आणि चुलत्यांना घेऊन आले. मी पोहे ठेवले आणि पाटावर बसले. एरवी पाहुणे नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारतात. चुलत्यांनी तोंड उघडण्याआधीच सर म्हणाले, “मी इंग्लिशमधून विचारतो.” ओसरीवर सगळे सरसावून बसले. आमच्या घरात इंग्रजी बोलणी होणार याचं मामाला कोण कौतुक! “पोरगी लई हुशार हाय, पावणं. विचारा, विचारा.”

सरांनी मुलाखतीचा पाठ केलेला प्रश्न टाकला. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? बायको बघायला आलेला माणूस हे विचारतो!

मला वाटलं, बरंच झालं. इथे इंग्रजी आम्हा दोघांनाच कळतं. कुणाची अब्रू न जाता विषय मिटेल. मी सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं की पाच वर्षांनी मी कुठेही असेन, पण तुमच्या घरात नसेन. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. तुम्हीच काहीतरी कारण काढून नकार कळवा, म्हणजे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा मान राहील.

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मान डोलावली. “व्हेरी गुड,” ते म्हणाले. “व्हेरी गुड.” मग आपल्या वडिलांकडे वळून मराठीत म्हणाले, “मुलगी पसंत आहे.”

त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. वर्षभर ज्याच्यापुढे आम्ही माना खाली घालून बसलो, त्या माणसाला साधं ‘नको’ समजत नव्हतं. मला हसू आलं, पण तिकडे मामा उठून आईला साखर आणायला सांगत होता.

मी पाटावरून उठले. “आण्णा, मला हे स्थळ नको,” मी म्हणाले.

मामा ओरडला, “आगं, आत्ता तर त्यांच्याशी गोड बोलत व्हतीस!”

आण्णांनी हातानं त्याला थांबवलं. “मंग इंग्रजीत काय सांगत व्हतीस?”

“हेच सांगत होते. की मला नको.”

आण्णा पाहुण्यांकडे वळले. अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, “मंग तुमी व्हेरी गुड कशापायी म्हनलात, सर?”

सर पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढू लागले. त्यांच्या चुलत्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि उशीर होतोय म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मामा आम्हाला शिव्या घालत निघून गेला. आण्णा पायरीवर बसून होते. माझं काय होणार ते मला कळेना, आणि विचारायची हिंमतही होईना. शेवटी तेच बोलले.

“चाकणला जा. तिथला सायेब बी असलाच निगाला, तर सरळ घरी ये.”