सहीची रिकामी जागा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कबनूरला घरी सकाळचा चहा घेत होतो. फोन तिच्या भाच्याचा होता. "काका, अक्का गेली... पहाटंच." मग तो चाचरत म्हणाला, "परवा एक निरोप देऊन ठेवलाय तिनं. शाहूवाडीकडचा जुना डबा काढून नवा बसवायचा हाय, आता दीपकला जाऊ दे म्हणाली." दीपक म्हणजे मीच. चहा तसाच राहिला. दुःख तर झालंच, पण खरं सांगायचं तर त्या निरोपानं मी जास्त हललो. कारण त्या गावात पाऊल टाकायची बंदी मला अक्कानंच घातली होती, आणि त्या बंदीला वीस वर्षं होऊन गेली होती.

अक्का, म्हणजे गिरिजाक्का, जयसिंगपूरच्या एका दुकानदाराची मुलगी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नव्वदच्या दशकात तिनं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाळा घेतला. चारी बाजूंनी लेथ मशिनी घरघरायच्या आणि मधे ही एकटी बाई सोल्डरिंग करत बसलेली. आलेला माणूस हमखास विचारायचा, "सायेब कुठं हायत?" ती मान वर न करता म्हणायची, "सायेब न्हाईत. मीच हाय. बोला." ती दूध थंड करणाऱ्या केंद्रांसाठी डबे बनवायची. गावाचं दूध दोन्ही वेळा मोठ्या टाकीत जमतं, ते थंड राहिलं पाहिजे. अक्काचा डबा टाकीचं तापमान मोजायचा आणि ते वाढलं की आपणहून गाळ्यावर टेलिफोन लावायचा. त्या काळात लोकांना ही भानामतीच वाटायची. डब्याच्या चिपमध्ये जो प्रोग्राम भरायचा, तो लिहायला मी तिच्याकडे लागलो.

पण नुसतं लिहून सुटका नव्हती. ज्यानं लिहिलं त्यानंच गावाला जाऊन बसवायचं, हा तिचा पहिला नियम. नवी चिप आधी एकाच गावात घालायची, दोन्ही वेळचं दूध येऊन थंड होईपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसून राहायचं, आणि मगच दुसऱ्या गावाकडे वळायचं. जुनी, चालणारी चिप काडेपेटीत घालून डब्यातच ठेवायची, म्हणजे काही बिघडलं तर पाच मिनिटांत पहिल्यासारखं करता येतं. झाकणाच्या आत एक पुठ्ठा चिकटवलेला असायचा. त्यावर तारीख, काय बदललं ते, आणि सही. मी कुरकुरायचो. "अक्का, मी प्रोग्रामर हाय, वायरमन न्हाय." ती म्हणायची, "मग एसटीत बसून प्रोग्राम लिही की. कोण नको म्हणतंय?" माझी मुलगी आता बंगळुरात क्लाउडवर काम करते, हजारो उपकरणं एका जागेवरून सांभाळते. तिनं एकदा मला मोठ्या कौतुकानं समजावलं की लिहिणारे आणि चालवणारे वेगळे नसावेत, बदल थोडा थोडा करावा, मागे फिरायची वाट ठेवावी, आणि याला डेव्हऑप्स म्हणतात. मी म्हटलं, बाई, आम्ही हे एसटीनं हिंडून केलंय.

केलंय म्हणतो खरा, पण एकदा केलं नाही. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. डबे उगीचच फोन लावायला लागले होते, म्हणून मी प्रोग्राम सुधारला. आणि त्याच रविवारी मला मुलगी बघायला जायचं होतं. म्हणून शुक्रवार-शनिवारात सगळ्या गावांना धावत जाऊन चिपा बदलल्या. कुठे बसलो नाही. जुन्या चिपा काडेपेटीत न ठेवता पिशवीत भरून परत आणल्या. शाहूवाडीच्या पलीकडच्या त्या गावात तर पुठ्ठ्यावर तारीख आणि 'नवी चिप' एवढं खरडलं, एसटीचा हॉर्न ऐकू आला, आणि सही न करताच पळालो. त्या टाकीतलं तापमान मोजणारं यंत्र जुन्या बनावटीचं होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. माझा प्रोग्राम त्याचा आकडा कमी वाचत होता. रविवारी मी कांदेपोहे खात होतो तेव्हा तिकडे थंड करायचं मशीन बंद पडून टाकी तापत होती आणि डबा गप्प होता.

सोमवारी कळलं. सगळ्या गावाचं दूध ओढ्यात ओतावं लागलं होतं. लोकांनी केंद्र चालवणाऱ्या तुकारामला धरलं. तू झोपलास, तूच घालवलंस, उद्यापासून येऊ नकोस. मी अक्कासमोर एकेक चूक सांगायला लागलो. "साकु," ती म्हणाली. कानडीत पुरे. फार चिडली की ती कानडीवर जायची. चिपांची पिशवी माझ्या हातातून घेऊन ती एकटीच गेली. संध्याकाळी परतली ती धुळीनं माखून. मी दारातच उभा होतो. "दूध गेलं. तुकाराम ऱ्हायला. तू जेवलास का?" एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी, आमच्याकडच्या बायका 'जाते' न म्हणता 'जातो' म्हणतात तशी म्हणाली, "शाहूवाडीला हितनं पुढं मी जातो. तू तिकडं जायाचं न्हाय."

तिनं मला पुढे काय नाही दिलं! गाळ्याच्या किल्ल्या दिल्या, गिऱ्हाईकं सोपवली, त्याच मुलीशी माझं लग्न झालं तेव्हा वऱ्हाडात पुढे उभी राहिली. दुधानं तोंड पोळलेला मी, नंतर ताकही फुंकून प्यायलो. तिचे नियम तिच्यापेक्षा कडक पाळले. तरी ते एक गाव ती मला देईना. गुडघे धरले तरी स्वतःच जायची. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "तिकडचा भात चांगला असतोय." मला वाईट वाटायचं. वाटायचं, हिनं मला माफ केलं असेल, पण विश्वास काही परत दिला नाही...

दिवसकार्य आटोपल्यावर नवा डबा घेऊन गेलो. केंद्राच्या दारात तुकाराम बसला होता, केस पांढरे झालेले. "या पावणं, बाईंकडनं आलासा?" बाई गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी जुन्या डब्याचं झाकण उघडलं. काडेपेटी जागेवर होती. पुठ्ठा पिवळा पडला होता. वरून चौथ्या ओळीत माझं घाईचं अक्षर, तारीख, 'नवी चिप'. आणि मी रिकाम्या सोडलेल्या जागेत अक्काची सही.

"गाव लई तापलं हुतं त्या दिशी," तुकाराम मागून म्हणाला. "ज्यानं केलंय त्याला हितं उभा करा, म्हणत हुतं. बाईंनी झाकण उघडलं, समद्यांदेखत सही केली, आन् म्हणाल्या, मी केलंय. ह्या माणसाकडं बोट दाखवू नका. म्हणून माझं काम टिकलं बघा."

मी बाकड्यावर बसलो आणि म्हटलं, "तुकारामभाऊ, ते बाईंनी केलं नव्हतं. मी केलतं."

"म्हाईत हाय की," तो म्हणाला. "अक्षर निराळं हाय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"बाईंनी सही केलती न्हवं."

मी नवा डबा बसवला. जुना पुठ्ठा काढून नव्या झाकणाच्या आत चिकटवला. खाली एक ओळ शिल्लक होती, तिथं तारीख घातली, काय बदललं ते लिहिलं आणि माझी सही केली. परतीची एसटी चारला होती. तुकाराम म्हणाला, "निघा आता, चुकंल." मी म्हटलं, "संध्याकाळचं दूध येऊ दे. आन् सकाळचं बी." त्यानं आत जाऊन बाकड्यावर घालायला घोंगडं आणलं. म्हणाला, "बाईंचं हाय."