तांदळात लिहिलेलं नाव

आम्ही युसूफ वडगावहून निघालो तेव्हा जीप दारात उभी होती आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझी भरलेली बॅग पुन्हा उघडून बसल्या होत्या. वजन जास्त होत होतं. त्यांनी काळ्या मसाल्याचा डबा काढला आणि त्या जागी माझ्या सर्टिफिकेटांची फाईल सरकवली. "मसाला मागून धाडता येतंय. हे आदी ने. नवऱ्यासंगं चाललीस म्हणून शिकलेलं हितं ठिवून जाऊ नको." मी नुसती हसले. महेशला कंपनीनं तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं होतं, केजच्या लॅबमधली नोकरी मी सोडली होती, आणि तिकडं रक्त तपासायला मला कोण बोलावणार होतं?

पहिले आठ महिने मी खिडक्या पुसल्या. महेश बिचारा म्हणायचा, आराम कर. आरामाचा एवढा कंटाळा येतो हे मला ठाऊकच नव्हतं. खरं सांगते, त्याच्या चांगल्या बोलण्याचाही राग यायचा. मग कळलं, नोकरीसाठी आलेल्यांच्या बायकांना, नवऱ्यांना काम शोधून द्यायला कंपनीनं मारिया नावाच्या एक बाई नेमल्यात. त्यांनी मला भाषेच्या क्लासला घातलं, अर्ज भरून घेतला, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्यासाठी शब्दही टाकला.

आणि तिथंच घोडं अडलं. फाईलमधलं प्रत्येक सर्टिफिकेट माझ्या माहेरच्या नावाचं, उषाचं, आणि पासपोर्ट वैष्णवीचा. लग्नात आत्याबाईंच्या पसंतीनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वैष्णवी' लिहिलं, मग आधारपासून सगळीकडं तेच लागलं. आपल्याकडं याचं कुणाला नवल नाही. मारियाबाईंनी मात्र दोनदा विचारलं, आडनावाचं समजलं, पण पहिलं नाव कशाला बदललं? या दोघी एकच, असं घरच्या वडीलधाऱ्यानं शपथेवर लिहून दिलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

फोनवर आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाव म्या बदललं. मंग म्याच जाऊन सांगते." गुडघे धरलेले असताना त्या काळीपिवळी जीपनं दोनदा केजला गेल्या. सोबत माझा दीर होता. त्यानं नंतर सांगितलं, शपथपत्र लिहिणाऱ्या वकिलानं सुनेचं नाव विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आदी उषा लिवा. त्या नावानं शिकली ती."

कागद पोचले, त्यांचं भाषांतर झालं आणि मला नोकरी लागली. परक्या मुलखातल्या मारियाबाईंनी माझ्यासाठी जेवढे फोन केले, तेवढे सख्ख्या बहिणीनं केले नसते. नवऱ्यामागं निघालेल्या माझ्या बायांनो, तुमच्या बॅगेतही फाईल वर ठेवा, आणि दोन्ही नावांचा कागद निघायच्या आधी करून घ्या.

पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून मी वडगावला व्हिडिओ कॉल केला. छातीवरच्या पट्टीवर पासपोर्टातलं 'वैष्णवी' होतं. आत्याबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर लावला आणि म्हणाल्या, "लई चांगली दिसायलीस, उषा."

लग्नाला बारा वर्षं झाली, त्या घरात मला या नावानं कुणी हाक मारली नव्हती. आता घर म्हटलं की मला आधी ती हाक आठवते.