अर्ध्यात मिटलेली राजकन्या

वाशीमकडच्या गावात सातवीपर्यंत शिकलेले, जिनिंगमध्ये एकतीस वर्षं कापसाच्या गाठी उचललेले बद्रीनाथ एकाहत्तराव्या वर्षी पुण्यात लेकाकडे, वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि एका इंग्रजी कादंबरीच्या नादी लागले. त्यांचं इंग्रजी दुकानाची पाटी वाचण्यापुरतं. पण दहावीतली नात स्वराली वाचता वाचता त्यांना मराठीत सांगायची.

गोष्ट काय होती म्हणाल, तर सोळा वर्षांची राजकन्या, बाप गेलेला, दरबारात सात प्रधान आणि सातही गोड बोलणारे. त्यातल्या एकानं मंत्र घालून तिची सावलीच चोरली न् पेटीत कोंडली. सावली गेली की माणसाचा आवाज विरत जातो. हे ऐकलं त्या दिवशी बद्रीनाथ गॅलरीत उन्हात उभे राहून स्वतःची सावली न्याहाळत राहिले.

"उभा जन्म उन्हात गेला," ते सुनेला, नम्रताला, म्हणाले, "पण ही आपल्या संगं असते, याची कधी कदरच केली नाही बाप्पा!"

आणि नेमकं तेव्हाच लेकानं, सुदर्शननं, फर्मान काढलं. तो हिंजवडीच्या कंपनीत मॅनेजर. पूर्वपरीक्षेत स्वरालीला गणितात मार्क कमी पडले, म्हणून पुस्तक कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. राजकन्या तेव्हा तळघरात होती, आवाज पार गेलेला.

बद्रीनाथांना घास गोड लागेना. गावी मारुतीच्या देवळात त्यांचे वडील पोथी वाचायचे. रिवाज असा, की गोष्टीतला माणूस संकटात असताना पोथी बांधायची नाही. त्याची सुटका झाली, कुणी त्याला पाणी पाजलं, की मगच खूण ठेवायची. एकदा राजपुत्र विहिरीत पडलेला आणि वडिलांचा घसा बसला, तर मास्तरांना घरून उचलून आणून पुढचं वाचून घेतलं होतं!

रविवारी चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"काऊन रे, ती पोरगी तिथं मुकी होऊन बसली, अन् तू किल्ली खिशात घालून फिरतं?"

"कोण पोरगी, अण्णा?"

"राजकन्या."

"अहो, ती पुस्तकात आहे."

"मंग? तिले वर काढणं वाचणाऱ्याचंच काम असते."

सुदर्शन हसला आणि किल्ली काढून उठला. स्वराली आत अभ्यास करील, आपण मराठीत वाचून दाखवू. दहा मिनिटं. सुटका झाली की पुस्तक परत कपाटात.

आता गंमत बघा. पोथीला विसावे असतात. या कादंबरीवालीनं तसली सोयच ठेवली नव्हती. राजकन्या तळघरातून निसटली, तर दारात प्रधान. प्रधानाला चुकवलं, तर पुढचा पूल पेटलेला. मिटायला जागाच सापडेना.

"मग प्रधानानं तातडीची मीटिंग बोलावली..."

"दरबार म्हण! मीटिंगा तुह्या कंपनीत."

"बाबा, राखाडी झग्यातला तो चांगला आहे ना?" स्वराली भूमितीचं पुस्तक धरून दारात.

"तू प्रमेय कर."

"मग हळू वाचा ना! सगळं ऐकू येतंय."

नम्रता पळी घेऊन आली. "राजवाड्यात जेवत नसतील. आपल्याकडे जेवायची पद्धत आहे." कुणी हललं नाही. तीही खुर्चीच्या हातावर टेकली. "पूल ओलांडला का हो तिनं?"

दीड वाजता राजकन्येनं पेटी उघडली. सावली पाण्यासारखी ओघळत आली, तिच्या टाचांना लागली, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला, तिचं स्वतःचं नाव. ते वाचताना सुदर्शनचाच आवाज चिरकला. बद्रीनाथ खुर्चीत पुढे सरकले. ज्या लेकाच्या तोंडून वर्षानुवर्षं 'हो', 'बरं', 'घाईत आहे' याखेरीज काही ऐकलं नाही, तो राजकन्येच्या आवाजात बोलत होता! कागदावरच्या शाईत एवढी ताकद?

मुदपाकखान्यातल्या म्हातारीनं राजकन्येला गरम पेज पाजली, पांघरूण घातलं.

"थांब," बद्रीनाथ म्हणाले. "इथं ठेव खूण."

स्वराली मुकाट्यानं टेबलाशी गेली. नम्रता ताटं घ्यायला उठली. सुदर्शननं मात्र पान उलटलं. त्याची नजर पुढच्या ओळीवर सरकली, तशी बद्रीनाथांनी आपला रापलेला पंजा पानावर ठेवला.

"नको बघू रे. आत्ता कुठं तिचा डोळा लागला हाय."

सुदर्शननं पुस्तक मिटलं. अगदी हळू, आवाज न करता.