मापाचा तारा मावळताना

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि ताई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या आहेत. आज त्यांना काहीही करायचं नाही. तेच त्यांचं आजचं काम.

कंट्रोल रूमला खिडकी नाही. भिंतींच्या आत तांब्याची जाळी आहे, कारण इथल्या संगणकांचा गोंगाट बाहेर माळावरच्या रेडिओ अँटेनांपर्यंत पोचता कामा नये. दारं दोन, एकामागे एक. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मोबाइल फाटकावरच्या पेटीत ठेवावा लागतो. या खोलीत ताईंनी एकोणीस वर्षं काढली. अँटेना कुठे वळवायच्या, किती वेळ रोखून धरायच्या, कधी थांबवायच्या, हे त्या बघतात.

आज त्यांच्या खुर्चीत ‘जनरेटर’ बसला होता. वय बेचाळीस, निम्मी नोकरी जनरेटर विभागात गेलेली, म्हणून हे नाव. मागे पाळ्या लावणारे साहेब बसले होते. आज जनरेटरची परीक्षा होती. पूर्ण निरीक्षण त्याने एकट्याने पार पाडलं, तर तो पाळीवर रुजू होणार आणि ताई सुटणार. शहरातल्या कार्यालयात त्यांची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलेली होती. नियम एकच. ताईंनी तोंड उघडलं की परीक्षा रद्द, आणि पुढची तीन महिन्यांनी.

“खोकला आला तर?” ताईंनी विचारलं होतं.

“बाहेर जाऊन खोकायचं,” साहेब म्हणाले. “दोन्ही दारं लावून.”

याआधी ताईंच्या जागेसाठी दोघे तयार होत होते. एकाला दुसरीकडे बरी नोकरी लागली. दुसरा चौथ्या आठवड्यात म्हणाला, मला इथे श्वास घेववत नाही. दोन्ही वेळा ताईंची बदली पुढे ढकलली गेली.

शहर बसने पाच तासांवर. तिथे त्यांचे यजमान दुकानामागच्या खोलीत राहतात. शिंपी. वर्षभरात त्यांची नजर जवळजवळ गेली. आता धाकटा भाऊ दुकान चालवतो आणि भावालाही सांभाळतो. “वहिनी, दादा चहा करायला उठला की मी मशीन सोडून धावतो,” तो मागच्या खेपेला म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

आजचं लक्ष्य होतं एक जन्माला येणारा तारा. सूर्याच्या कितीतरी पट वजनदार तारे धुळीच्या दाट ढगात घडतात. साध्या दुर्बिणीला तिथे नुसता काळा डाग दिसतो. रेडिओ लहरी मात्र त्या धुळीतून आरपार येतात. असा तारा एका संथ गतीने वाढत नाही. मध्येच वायूचा मोठा घास गिळतो आणि काही दिवस एकदम उजळतो. हा गेल्या आठवड्यात उजळला होता. किती, हे परदेशातल्या एका संशोधक बाईंना हवं होतं. उद्यापासून अँटेना दहा दिवस दुरुस्तीला बंद, तोवर उजेड ओसरला असता. म्हणजे आजच.

‘किती’ ठरवायला माप लागतं. त्यासाठी शेवटी अँटेना एका ठरलेल्या जागी वळवतात, जिथली चमक आधीपासून माहीत आहे. खरं तर ती दूरची दीर्घिका, पण खोलीत सगळे तिला मापाचा तारा म्हणतात. आधी गिऱ्हाईक, मग मापाची टेप, अशी इथली जुनी पद्धत. टेपच राहून गेली, तर चार तासांच्या निरीक्षणातून तारा तिथे आहे एवढंच कळतं.

नऊच्या सुमाराला वारा वाढला. जनरेटरने नियमाप्रमाणे सगळ्या अँटेना आभाळाकडे तोंड करून उभ्या केल्या. अर्धा तास गेला. वारा पडल्यावर त्याने काम पुन्हा सुरू केलं आणि स्वतःशीच म्हणाला, “बुडालेला अर्धा तास लक्ष्याला वाढवून देऊ. कुणाचं नुकसान नको.”

जनरेटर विभागात असंच करतात. बंद पडलेला वेळ भरून द्यायचा.

पण आभाळ थांबत नाही. मापाचा तारा डोंगराच्या कडेखाली जायला वीस मिनिटं उरली होती आणि जनरेटरच्या क्रमात त्याची पाळी पस्तीस मिनिटांनी होती. ताईंनी पुन्हा हिशेब केला. तेच उत्तर आलं. साहेब परीक्षेच्या कागदावर बरोबरच्या खुणा करत होते. आकाश त्यांचं खातं नव्हतं.

बघेल तो, असं म्हणत ताईंनी वाट पाहिली. मग उठल्या, पहिलं दार उघडून आत शिरल्या आणि ते लावून घेतलं. दोन दारांच्या मधली जागा कपाटाएवढी. समोरचं दार उघडायला आता हरकत नव्हती. बाहेर गेलं की संपलं. पुढचं त्यांनी पाहिलंच नसतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग मागे फिरून खोलीत आल्या.

“जनरेटर, मापाचा तारा मावळतोय.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. “अरे बाप रे!” अँटेना वळायला लागल्या. तारा डोंगरामागे जाण्याआधी नऊ मिनिटं हाती लागली. तेवढी पुरतात.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “ताई, तुम्ही बोललात.”

“बोलले.”

“मी बघितलं असतं हो,” जनरेटर म्हणाला. मग हळूच, “नसतं बघितलं. ताई, मी तुम्हाला अडकवलं.”

“मला अडकवायला तू एकटा पुरणार नाहीस. जा, चहा घे.”

दुपारी संशोधक बाईंचा फोन आला. तारा तिप्पट उजळला होता. बाईंना आनंद आवरत नव्हता.

“हा धुळीतून बाहेर कधी येणार?” ताईंनी विचारलं.

“लाखभर वर्षांत.”

“मग घाई नव्हती म्हणायची.”

नंतर त्यांनी त्याच फोनवरून दुकानात फोन लावला. यजमानांनीच उचलला.

“झाली सुटका?”

“नाही. बोलले मी मध्येच.”

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं. “गप्प बसणं तुला कधी जमलंय? लग्नात भटजींना मंत्र आटपायला सांगणारी तूच ना?”

“चेष्टा पुरे. चहा कोण करतं?”

“मीच. आज फक्त बोट भाजलं.”

“कुठलं?”

“सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान घालायचो ते. आता त्याला दुसरं काम नाहीच.”



राखून ठेवलेली जागा महिनाअखेरीला दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. साहेबांनी पुढच्या परीक्षेची तारीख फळ्यावर लिहिली आहे. उद्यापासून अँटेना बंद असणार, तरी कंट्रोल रूममध्ये एक माणूस लागतोच. सकाळी सहाची पाळी ताईंची आहे.