गुहेबाहेरच्या चपला

देवावर माझा विश्वास होता, देवळाबाहेरच्या माणसांवर नव्हता. पेणला एकदा दर्शनाला गेले असताना माझ्या नव्या चपला चोरीला गेल्या. तेव्हापासून मी चपला पिशवीत घालून पिशवीसकट देवापुढे उभी राहायची.

रोह्याच्या डोंगरातल्या महादेवाच्या गुहेतही तेच केलं. बरं वाटलं की तिथे जायचं, असं ह्यांनी हृदयाच्या ऑपरेशनआधीच ठरवलं होतं. पायवाटेने थांबत थांबत चढलो. ह्यांनी गुहेच्या तोंडाशी चपला काढल्या आणि मला म्हणाले, "अगो, हितं डोंगरात कोन नेनार हाय तुज्या चपला?" मी ऐकते कसली!

पिंडीपर्यंत वाकून जावं लागतं. दर्शन छान झालं, पण परतताना ह्यांचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि घोट्यापर्यंत अडकला. ओढला की ते कळवळत. मोबाईलला रेंज नव्हती, बॅटरी संपत आलेली. ह्यांना दरदरून घाम फुटला आणि हात छातीवर गेला. मदत आणायला जावं तर ह्यांना अंधारात एकटं टाकायचं, न जावं तर बाहेर सांज होत आलेली. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी पिंडीकडे वळून मी चिडूनच म्हणाले, "तूच बोलावलंस ना? मग आता तूच बघ. माझ्याच्यानं होत नाही." ह्यांचा हात धरून खाली बसले. मोबाईलही विझला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आवाज आला, "आत कोन हाय?"

खालच्या वाडीतली बाई होती, लाकडं घेऊन घरी निघालेली. तिने धावत जाऊन दिरांना आणलं. त्यांनी पहारीने दगड हलवला आणि ह्यांना धरून बाहेर नेलं.

"माझी हाक ऐकलीत का?" मी विचारलं.

"नाय गो. चपला दिसल्या. सांजंला घरी जाताना आमी बघतोच. चपला हायत म्हंजे मानूस आत हाय." मग ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "पन एकाच मानसाच्या हायत. तुज्या कुटं?"

पिशवी माझ्या खांद्याला होती. मला नुसतं रडू आलं.

कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. देवावर सोपवणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी थोडंसं कळलं. आता मी चपला बाहेरच काढते. मागे एकदा त्या पुन्हा गेल्या. चोराला शिव्या घालत, तापल्या रस्त्याने अनवाणी घरी आले. दार ह्यांनीच उघडलं. माझे पाय बघून हे हसत सुटले, आणि मी उंबऱ्यातच हात जोडले.